दोन ओहमची चूक : गाडीत स्पीकर, अ‍ॅम्प आणि सबवूफर बसवतानाच्या नोंदी

६ जानेवारी

गाडी छोटी हॅचबॅक, आठ वर्षं जुनी. कंपनीचा स्टीरिओ काढायचा नाही, कारण स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा त्यालाच जोडलेला आहे. पुढच्या दारांत कागदी कोनचे (हवा हलवणाऱ्या पडद्याचे) स्पीकर, मागच्या दारांतही तेच. आवाज वाढवला की गायकाच्या आधी दाराचं प्लास्टिक गायला लागतं.

मला हवंय ते एवढंच : गाडी वेगात असताना शब्द कळावेत, ढोलाचा ठोका पोटाशी जाणवावा आणि निम्मी डिकी सामानाला शिल्लक राहावी.

आज फक्त वाचन आणि मापं. स्टीरिओवर लिहिलंय ५० वॅट × ४. हा आकडा कसा येतो ते कागदावर मांडून पाहिलं. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). एवढ्या व्होल्टेजमध्ये आवाज न फाटता जास्तीत जास्त २६ वॅट निघतात, तेही सगळं आदर्श धरून. प्रत्यक्षात १५ ते २० मिळाले तरी खूप. म्हणजे खोक्यावरच्या आकड्यांशी वैर पहिल्याच दिवशी सुरू झालं. यापुढे फक्त आरएमएस वॅट (सतत मिळणारी ताकद) बघायचे, 'मॅक्स' आणि 'पीक' हे शब्द दिसले की पान उलटायचं. (हा निश्चय आठवडाभर टिकला.)

१० जानेवारी

पुढचे स्पीकर ठरवले. कोअ‍ॅक्सिअल की कॉम्पोनंट यावर दोन संध्याकाळी घालवल्या. कोअ‍ॅक्सिअलमध्ये ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरच्या) मधोमध असतो, म्हणून बसवायला सोपा. पण माझ्या गाडीत दाराचा स्पीकर पोटरीच्या उंचीवर आहे. बारीक, उंच पट्टीतला आवाज सरळ रेषेत जातो, तो माझ्या गुडघ्यांना ऐकवून काय उपयोग? म्हणून साडेसहा इंची कॉम्पोनंट : वूफर खाली दारात, ट्वीटर वर.

संवेदनशीलतेच्या (ठरावीक ताकदीला स्पीकर किती जोरात वाजतो त्या) आकड्यात एक खाच सापडली. एका जोडीवर ९१ डेसिबल, दुसरीवर ८९. पहिली जोरात वाजणार असं वाटलं. बारीक अक्षरात पाहिलं तर पहिलीचं माप २.८३ व्होल्टवर घेतलेलं, दुसरीचं १ वॅटवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. दुप्पट वॅटला ३ डेसिबल वाढतात, म्हणजे पहिली जोडी खरी ८८ची. दुसरी घेतली.

मागचे स्पीकर आहेत तसेच ठेवणार. मागे फारसं कोणी बसत नाही, आणि ते पैसे दारांच्या कामाला लागतील.

१३ जानेवारी

खरेदी. सिग्नलला ताकद देणारा, चार चॅनेलचा, कमी तापणारा क्लास डी अ‍ॅम्प, ४ ओहमवर दर चॅनेलला ७५ वॅट आरएमएस. सबसाठी, म्हणजे खर्जाच्या सबवूफरसाठी, वेगळा मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प : २ ओहमवर ३०० वॅट, ४ ओहमवर १८०, आणि २ ओहमच्या खाली चालवू नका अशी स्पष्ट ताकीद. दोन्ही अ‍ॅम्प स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेतात, म्हणून वेगळा कन्व्हर्टर लागला नाही.

सब १० इंची. मनात होता तो दुहेरी ४ ओहम कॉइलचा (कॉइल म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी). दुकानात तोच सब दुहेरी २ ओहम कॉइलमध्ये होता आणि बऱ्याच सवलतीत. 'दोन ओहमचा अ‍ॅम्प, दोन ओहमचा सब, जुळलंच की!' असं मनाशी म्हणून उचलला. ही नोंद मी नंतर अनेकदा वाचली.

२० जानेवारी

चालकाच्या बाजूचं दार. अंदाज दोन तासांचा होता, लागले साडेसहा.

दाराचं पॅड काढताना चार क्लिपा तुटल्या. क्लिपा आधीच डझनभर आणून ठेवा, त्या तुटतातच. जुना स्पीकर रिव्हेटने बसवलेला होता, ड्रिल करून काढला. लोखंडाचा कीस दारातच पडला, तो चुंबक फिरवून गोळा करावा लागला. नाहीतर नव्या स्पीकरच्या चुंबकाने तो स्वतःहून गोळा केला असता.

मग खरी अडचण. खोली मोजताना काच वर होती. नवा वूफर बसवला, काच खाली घेतली आणि अर्ध्यावर टक्क! चुंबक काचेला भिडला. काच फुटली नाही हे नशीब. १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाची) रिंग कापून स्पीकर पुढे आणला. आता काचेपासून ११ मिलिमीटर मोकळे आहेत. पण रिंगेमुळे पॅड आतून टेकायला लागलं, म्हणून पॅडच्या आतली प्लास्टिकची कड घासली. एमडीएफला दोन हात वॉर्निश दिलंय. दाराच्या आत पाणी येतंच, आणि कच्चं एमडीएफ ओलं झालं की बिस्किटासारखं फुगतं.

खोली मोजायची ती काच पूर्ण खाली करूनच.

२१ जानेवारी

दुसरं दार, तीन तासांत. मग दोन्ही दारांना ब्युटिलच्या डॅम्पिंग शीटा. बाहेरच्या पत्र्याच्या आतून पट्ट्या चिकटवल्या आणि रोलरने दाबल्या. पत्रा वाजवला की पूर्वी 'टणण' यायचा, आता 'ठप' येतो. त्याहून मोठा फरक आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद केल्याने पडला. कोनच्या पुढे जितका आवाज निघतो तितकाच मागेही, पण उलटा. भोकं उघडी असली की मागचा पुढच्याला भेटतो आणि खर्जातला आवाज तिथल्या तिथे खलास. कंपनी तिथे नुसता प्लास्टिकचा कागद लावते. मी पातळ अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे स्क्रूने बसवले आणि वरून शीट लावली. पुढेमागे काचेची मोटर काढायची झाली तर स्क्रू उघडता येतील.

अजून अ‍ॅम्प जोडलेला नाही, स्टीरिओ तोच. तरीही खर्ज दुपटीने वाढल्यासारखा वाटला. या सगळ्या कामात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त मिळालं ते आज.

२३ जानेवारी

गाडी धुतली. वळण घेताना दारातून डबडब आवाज. उत्साहाच्या भरात दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही मी शीटने बुजवली होती. पॅड पुन्हा उघडलं, अर्धा तांब्या पाणी निघालं. भोकं मोकळी केली. आणखी दोन क्लिपा गेल्या.

२७ जानेवारी

वायरिंग. इथे एक दिवस आणि एक संच वाया गेला.

'४ गेज'चा तयार संच आणला होता, स्वस्तात. (गेज म्हणजे वायरीची जाडी; आकडा लहान तितकी वायर जाड.) बॅटरीच्या टोकाला लग (जोडणीची धातूची कडी) लावण्यासाठी वायर सोलली. तारा वरून तांबूस, सुरीने खरवडल्यावर आतून चांदीसारख्या. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. शिवाय रबराचं आवरण जाड आणि आत ऐवज बारीक. खऱ्या ४ गेज वायरीत २१ चौरस मिलिमीटर धातू असतो, हिच्यात त्याच्या निम्मासुद्धा दिसत नव्हता.

आता किती वायर लागते त्याचा हिशोब. दारांना जास्तीत जास्त ३०० वॅट आणि सबला १८० किंवा ३००. मी ४८० धरले. अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के मानली तर बॅटरीतून ६०० वॅट, १३.८ व्होल्टला ४३ अँपिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर. खऱ्या तांब्याच्या ४ गेजमध्ये एवढ्या अंतरात ०.१८ व्होल्ट जातात, ८ गेजमध्ये ०.४४. तीच ८ गेज वायर अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ०.७च्या आसपास. गाणं काही सतत ४३ अँपिअर ओढत नाही, पण ढोलाच्या ठोक्याला नेमका तेवढा हवा असतो आणि तेव्हाच हेडलाइट मिचकावतात. संच परत घेतला नाही. तांब्याची वायर सुटी मीटरवर घेतली, ६० अँपिअरचा फ्यूज वेगळा.

फ्यूज बॅटरीपासून ३० सेंटिमीटरवर आहे. ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. मध्ये कुठे वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा वाचवायला कोणी नाही. इंजिनकडून आत येताना नवं भोक पाडलं नाही, कंपनीच्या ग्रोमेटमधूनच (भोकातल्या रबरी कड्यातूनच) वायर ओवली. पॉवरची वायर एका बाजूने, सिग्नलच्या तारा दुसऱ्या बाजूने.

३ फेब्रुवारी

आता तो दोन ओहमचा सब.

दोन कॉइल, प्रत्येकी २ ओहम. समांतर जोडल्या तर १ ओहम, एकापाठोपाठ जोडल्या तर ४. यांतून २ ओहम कुठूनही येत नाहीत. दुकानात उभं राहून हे डोक्यात आलं नाही. दुहेरी ४ ओहमचा सब असता तर समांतर जोडून बरोबर २ मिळाले असते.

मल्टिमीटरने मोजलं : एक कॉइल १.८, समांतर ०.९, एकापाठोपाठ ३.६. (मीटर नेहमी लिहिलेल्यापेक्षा थोडं कमीच दाखवतं, घाबरू नये.) तरीही 'बघू तर खरं' म्हणून समांतर जोडून लावला. आवाज जरा वाढवला, लाल दिवा लागला आणि अ‍ॅम्प बंद. त्याने स्वतःला वाचवलं. न वाचवणारे अ‍ॅम्पही असतात.

दुकानदार म्हणाला, 'साहेब, सवलतीतला माल बदलून मिळत नाही.' त्याचं बरोबर होतं.

आठवडाभर दुसरा सब शोधला, अ‍ॅम्प विकायचं ठरवलं, पुन्हा रद्द केलं. शेवटी कागद घेतला. ३०० ऐवजी १८० वॅट म्हणजे फरक २.२ डेसिबल. आवाजाच्या बटणाची एखादी पायरी. त्यासाठी मी सात संध्याकाळी हळहळत होतो! कॉइल एकापाठोपाठ जोडल्या आणि विषय मिटवला.

११ फेब्रुवारी

सबची पेटी. बंद पेटी की पोर्टची (हवा जायला नळी असलेली)? पोर्टच्या पेटीत कमी वॅटमध्ये मोठा आवाज निघतो, पण पोर्टच्या स्वराखाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि पेटीही मोठी होते. गाडीची बंद केबिन तशीही खालच्या खर्जाला उचलून धरते, त्यामुळे बंद पेटीची उतरती रेषा बरीचशी भरून निघते. बंद पेटी ठरली.

सबच्या कागदावर पेटीचं माप काढायचे आकडे असतात : क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ३५ लिटर, एफएस ३० हर्ट्झ. खर्ज न फुगवणारी, म्हणजे ०.७ची 'सपाट' पेटी हवी तर २४ लिटर येतात. ४० × ३० × २० सेंटिमीटर म्हणजे बरोब्बर २४ लिटर. लाकूड कापून आणलं, गोंद, स्क्रू, सांध्यांना आतून सिलिकॉन, दोन दिवस वाळवली.

वाजवली. ठोका आहे, पण त्याखाली काही नाही. तबल्यातला डग्गा ऐकू येतो, त्याची घुमक येत नाही.

१४ फेब्रुवारी

चूक सापडली. ४० × ३० × २० हे मी बाहेरचं माप धरलं. एमडीएफ १८ मिलिमीटरचं आहे, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर जातात. आतलं माप ३६.४ × २६.४ × १६.४, १५.८ लिटर. त्यात सबचं चुंबक आणि सांगाडा दीड लिटर खातो. उरले १४.३ लिटर. चोवीसचे चौदा! अनुनाद ४७ हर्ट्झवर येणार होता, तो ५६ वर चढला. दोन ओहमवरून आठवडाभर रडलो आणि जिथे खरा खर्ज गेला तिथे शाळेतला गुणाकार चुकला होता.

उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस आत भरून पाहिला. त्याने पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते, पण दहा लिटरची भर कापसाने पडत नाही.

१८ फेब्रुवारी

दुसरी पेटी. बाहेरून ४० × ३५ × २६, आतून २५.६ लिटर, सब वजा जाता २४.१. कापण्याआधी माप भावाकडून तपासून घेतलं. तो म्हणाला, 'दादा, मागच्या वेळी विचारलं असतंस तर लाकूड वाचलं असतं.' पहिली पेटी आता गॅरेजमध्ये स्टूल आहे.

पेटी डिकीत मागच्या सीटला टेकवून पट्ट्याने बांधली. हे टाळू नका. एवढी जड सुटी वस्तू जोरात ब्रेक लागला की सुटीच उरते.

घुमक आली.

१९ फेब्रुवारी

घुमकीबरोबर शिट्टीही आली. इंजिन चालू केलं की बारीक 'ईऽऽ', अ‍ॅक्सिलरेटर दिला की पट्टी चढते. अल्टरनेटरची (इंजिनवर चालणाऱ्या, बॅटरी भरणाऱ्या जनित्राची) शिट्टी.

अर्थ (विजेची परतीची जोडणी) मागच्या सीटच्या बोल्टखाली दिला होता. अ‍ॅम्पच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, गाणं मोठ्याने चालू असताना मोजलं : ०.८ व्होल्ट. बोल्टखाली रंग, रंगाखाली गंजरोधक लेप, आणि मी लग त्यावरच आवळला होता. नवी जागा निवडली, डिकीतला मुख्य सांगाड्याचा जाड पत्रा. चमकेपर्यंत घासला, लग बोल्टने आवळला, वरून गंज लागू नये म्हणून रंग. अर्थाची वायर पॉवरइतकीच जाड, लांबी ४० सेंटिमीटर. दोन्ही अ‍ॅम्पचा अर्थ एकाच ठिकाणी. आता ०.१ व्होल्ट. शिट्टी जवळजवळ गेली. राहिलेली गेन कमी केल्यावर गेली, त्याचं पुढे येतं.

सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देण्याचा सल्ला कुठे मिळाला तर ऐकू नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

२४ फेब्रुवारी

गेन. हे आवाजाचं बटण नाही हे मला उशिरा कळलं. स्टीरिओ देतो तेवढ्या सिग्नलवर अ‍ॅम्पने पूर्ण ताकद गाठावी, एवढंच त्याचं काम. मी ते तीन चतुर्थांश फिरवून ठेवलं होतं, म्हणून खरखर आणि ती उरलेली शिट्टी.

स्पीकर सोडवले, इक्वलायझर सपाट केला, क्रॉसओव्हर (कोणते स्वर कुठल्या स्पीकरला ते वाटणारा) बंद ठेवला. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट. दारांना ७५ वॅट ४ ओहमवर : १७.३ व्होल्ट. सबला १८० वॅट ४ ओहमवर : २६.८. सबसाठी ५० हर्ट्झचा स्वर, दारांसाठी २००चा. साधी मीटरं १००० हर्ट्झवर भरवशाची नसतात, म्हणून खालचा स्वर घेतला.

मोजता मोजता एक वेगळीच गोष्ट कळली. आवाज १८ वर असताना ५० आणि २०० हर्ट्झला सारखेच व्होल्ट. २८ वर ५० हर्ट्झला निम्मे! कंपनीचा स्टीरिओ स्वतःचे कागदी स्पीकर फाटू नयेत म्हणून मोठ्या आवाजाला खर्ज गुपचूप कापतो. ६ डेसिबल. मी मात्र दोन ओहमच्या २.२ला दोष देत होतो. मोनो अ‍ॅम्पबरोबर आलेला खर्जाचा नॉब डॅशबोर्डखाली लावला. आवाज वाढवला की तोही जरा फिरवतो.

क्रॉसओव्हर : दारांना ८० हर्ट्झच्या वर, सबला ८०च्या खाली. दारांना खर्जातून मोकळं केल्याबरोबर शब्द स्वच्छ झाले. आई पुढे बसली होती, म्हणाली, 'आता बातम्या देणारी काय बोलते ते कळतंय.' मला हवी ती पावती मिळाली.

सबचं फेज बटण (कोनची हालचाल सरळ किंवा उलटी करणारं), ० आणि १८०, दोन्ही करून पाहिलं. ८०चा स्वर लावला, डोळे मिटले, भावाने बटण बदललं. १८० वर ठोका भरीव आला, तेच ठेवलं.

२ मार्च

ट्वीटर. पुढच्या काचेशेजारच्या खांबावर लावायचे होते, पण तिथे पडदा एअरबॅग आहे. तिच्यापुढे वायर किंवा कप काहीही नको. मग आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत बसवले.

एका बाजूचा आवाज पोकळ, गायक समोर न दिसता कानांच्या मागे गेल्यासारखा. दुसऱ्या दारातल्या वूफरच्या तारा उलट्या होत्या. तपास सोपा : दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवा. धनाला धन असेल तर कोन बाहेर येतो. हा आत गेला. ही तपासणी पॅड लावायच्या आधी करायची असते. क्लिपा, पुन्हा.

९ मार्च

गाडी सुरू होईना. दोन दिवस उभी होती, बॅटरी पूर्ण उतरलेली.

कंपनीच्या स्टीरिओला अ‍ॅम्प चालू करणारी रिमोट तार नसते. मी ती एका फ्यूजवरून घेतली होती. तो फ्यूज किल्ली काढली तरी चालूच राहतो हे तपासलं नव्हतं. दोन्ही अ‍ॅम्प नुसते जागे राहून १.१ अँपिअर ओढतात. ३६ तासांत ४० अँपिअर-तास, आणि बॅटरीच तेवढ्याची. तार आता किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर आहे. मोजलं, किल्ली काढल्यावर अ‍ॅम्पकडे जाणारा प्रवाह शून्य.

१६ मार्च

खडखड शोधमोहीम. ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत सरकणारा स्वर लावला आणि भाऊ गाडीभोवती कान लावून फिरला. मागची नंबर प्लेट ४२ला, डिकीवरचा शेल्फ ५५ला, छताच्या दिव्याची काच ६८ला. प्लेटखाली फोमची पट्टी, शेल्फच्या कडेला फेल्ट.

कोणाला अंदाज हवा असेल तर : एकूण खर्चात दोन्ही अ‍ॅम्प मिळून साधारण एक तृतीयांश, पुढचे स्पीकर पाचवा हिस्सा, सब सातवा. वायर, फ्यूज आणि शीटा मिळून जवळपास पाचवा हिस्सा, आणि वाया गेलेला संच व लाकूड दहावा. कामाचे तास ६१, त्यांतले चुका निस्तरण्यात २६.

छताच्या दिव्याची काच अजून वाजते आहे. ६८ हर्ट्झ म्हटलं की आता मला तीच आठवते.